काठी, मॉप आणि भूमितीचा पेपर

मॅडम,
माझी मुलगी दहावीला आहे. आम्ही लालबागला चाळीत राहतो. आठवीपासून तिला दादरला क्लास लावलाय. गणिताच्या वह्यांचा ढीग पोटमाळ्यावर मावत नाही इतका सराव करते. तरी प्रिलिमला भूमितीत ४० पैकी १९. पेपर घेऊन बसले तर दिसलं, नेहमीच्या धाटणीचं सगळं बरोबर, आणि आकृती जरा फिरवून दिली की जागा कोरी. विचारलं तर म्हणते, "हे आम्हाला क्लासमध्ये घेतलंच नाही." सर म्हणतात सराव कमी पडतोय, स्पेशल बॅच लावा, अठरा हजार. मिस्टरांनी नव्वद टक्क्यांना मोबाईल कबूल केलाय, पण फरक शून्य. नको तिथे मात्र डोकं चालतं. प्रिलिमच्या दोन दिवस आधी ह्यांचा शर्ट वलणीवरून उडून खालच्या पत्र्यावर पडला. काठी पोचेना, तर हिने नव्या मॉपचं डोकं काढलं आणि धुतलेली ओली काठी तशीच त्या पाईपात खुपसली. शर्ट निघाला, पण काठी आता पाईपातून निघत नाही. मॉपही गेला, काठीही गेली. हिला बुद्धीच कमी आहे का? आयक्यू टेस्ट करून घेऊ? बॅच लावू?
– एक आई, लालबाग

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मॉपपाशी थांबले. आधी उत्तरं देऊन टाकते. आयक्यू टेस्ट नको. अठरा हजारांची बॅच नको. मोबाईलचं पुढे सांगते, मॉपचंही.

मी तीसेक वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. त्यात दर वर्षी एक तास सुलतानचा असायचा आणि त्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी असायची. सुलतान हा चिंपांझी. वोल्फगांग कोलर नावाचा जर्मन मानसशास्त्रज्ञ १९१३च्या अखेरीस आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या तेनेरिफे बेटावर गेला, तिथे प्रशियन अकादमीने चिंपांझींच्या अभ्यासासाठी केंद्र काढलं होतं. वर्षभरात महायुद्ध पेटलं आणि हा बेटावरच अडकला, तो १९२०पर्यंत. करायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा त्याने चिंपांझींपुढे कोडी मांडली. एका कोड्यात फळ पिंजऱ्याबाहेर, आणि आत बांबूच्या दोन पोकळ नळ्या, दोन्ही तोकड्या. सुलतानने एकेक नळी घालून बघितली. एका नळीने दुसरी पुढे ढकलून बघितली, ती फळाला जाऊन टेकली, पण हातातून सुटली. कोलरने नळीच्या भोकात बोट घालून दाखवलं, तरी उजेड पडेना. तासाभराहून जास्त वेळ गेला. कोलर कंटाळून निघून गेला, राखणदार तेवढा थांबला. सुलतानही नाद सोडून बसला. मग उठला, नळ्यांशी उगाच खेळायला लागला आणि खेळता खेळता दोन्ही हातांतल्या नळ्या एका रेषेत आल्या. त्यासरशी त्याने बारीक नळी जाड नळीत खुपसली आणि उडी मारून गजांकडे धावला.

तुमच्या लेकीने वलणीच्या काठीचं जे केलं, ते हेच. चिंपांझीशी तुलना केली म्हणून रागावू नका. माझ्या विषयात याहून मोठी शाबासकी मला ठाऊक नाही. सुलतानला निदान दोन नळ्या समोर ठेवून दिल्या होत्या. तुमच्या घरात मॉप हा फरशी पुसायचा मॉप होता, त्यात एक लांब पोकळ पाईप दडलाय हे तिला स्वतःला दिसावं लागलं. तेव्हा बुद्धीचा प्रश्न इथेच मिटला. आता ही मुलगी पत्र्यावरच्या शर्टापुढे हुशार आणि भूमितीच्या पेपरपुढे गप्प का, हे बघायचं.

कोलर ज्या घराण्यातला, त्याचं नाव गेस्टाल्ट. जर्मन शब्द आहे, 'घडण' किंवा 'आकृतिबंध' म्हणा. तुम्हाला लालबागमध्ये हे समजायला पुस्तक लागणार नाही. गणपतीत तुमच्या गल्लीत पळत्या दिव्यांच्या माळा लागतात. त्यातला एक तरी दिवा जागचा हलतो का? एक विझतो, शेजारचा लागतो, एवढंच. आपल्याला मात्र उजेड पळताना दिसतो, आणि दिवे जागेवरच आहेत हे पक्कं माहीत असलं तरी दिसायचं थांबत नाही. माक्स वर्थायमर १९१० साली व्हिएन्नाहून आगगाडीने सुट्टीला निघाला होता. वाटेत हाच विचार डोक्यात आला आणि पठ्ठ्या मधेच फ्रँकफर्टला उतरला. खेळण्याच्या दुकानातून फिरत्या चित्रांचं एक खेळणं घेतलं आणि हॉटेलच्या खोलीत प्रयोग सुरू केले. सुट्टी राहिली बाजूला. (आपल्याकडे चुकीच्या स्टेशनवर उतरणारे पुष्कळ, पण त्यातून विज्ञानाची शाखा निघालेली मी ऐकलेली नाही.) पुढे तिथल्या विद्यापीठात त्याने दोन रेघा आळीपाळीने चमकवून बघितल्या. मधलं अंतर साधारण ६० मिलिसेकंद ठेवलं की दोन रेघांऐवजी एकच रेघ सरकताना दिसे. बघणाऱ्यांत कोलर होता आणि कुर्ट कोफ्का होता. १९१२ साली हे छापून आलं आणि या तिघांच्या नावावर गेस्टाल्ट उभं राहिलं.

त्यांचं म्हणणं असं की आपण आधी तुकडे बघून मग त्यांची बेरीज करत नाही. घडण आधी दिसते, तुकडे त्या घडणीत आपापल्या जागी बसतात. "संपूर्ण हे तुकड्यांच्या बेरजेपेक्षा मोठं असतं" असं एक वाक्य व्हॉट्सॲपवर सकाळी फुलांच्या चित्रासकट फिरतं. कोफ्काचं म्हणणं तसं नव्हतं. मोठं नाही, वेगळं. आणि १९२३ साली वर्थायमरने ही घडण कशी बांधली जाते त्याचे नियम मांडले. जवळजवळच्या गोष्टी एक गट दिसतात, सारख्या गोष्टी एक गट दिसतात, एकाच दिशेने सरकणाऱ्या गोष्टी एक दिसतात. दादरच्या पुलावर संध्याकाळी उभ्या राहा. हजार माणसं नाही दिसत, दोन प्रवाह दिसतात.

आता लेकीचा पेपर घ्या. तुम्ही आकृती पाठवली नाहीत, पण मी पैजेवर सांगते की एक प्रश्न काटकोन त्रिकोणाचा असणार, ज्यात काटकोनाच्या टोकातून कर्णावर लंब टाकलाय. त्यात तीन त्रिकोण आहेत, एक मोठा आणि त्याच्या पोटात दोन छोटे. तिन्ही समरूप. मोठा त्रिकोण डोळ्यांत आधी भरतो, कारण त्याची कड सलग आहे. छोटे त्रिकोण त्याच रेघांवर उभे आहेत. जी रेघ मोठ्यात नुसती बाजू, तीच छोट्यात कर्ण. माहेरची लेक तीच सासरची सून, तसं. ज्याला ती रेघ दोन्ही नात्यांनी दिसली त्याचं गणित दोन ओळींत सुटतं. ज्याला एकाच नात्याने दिसते तो प्रमेयं पाठ असूनही बसून राहतो. वहीत ही आकृती दोनशे वेळा एकाच बाजूने काढली असेल, तर परीक्षेत फिरवून आली की मुलीसाठी ती वेगळीच आकृती होते. आता "घेतलंच नाही" हे तिचं वाक्य तुम्हाला उद्धटपणाचं वाटलं असेल, तर पुढचं वाचा.

वर्थायमर एका शाळेत वर्गावर गेला होता. मुलं समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ शिकली होती. लंब टाका, पाया गुणिले उंची, सगळ्यांना येत होतं. त्याने फळ्यावर तसाच चौकोन काढला, फक्त वळवून, उभा. वर्ग गडबडला आणि एक मूल म्हणालं, "सर, हे आम्हाला अजून शिकवलेलं नाही." हा प्रसंग त्याच्या पुस्तकात आहे, ते तो गेल्यावर १९४५ साली निघालं. म्हणजे तुमच्या लेकीचं वाक्य ऐंशी वर्षं जुनं आहे. आणि ते खरं आहे. वळवलेली आकृती खरोखरच घेतलेली नसते.

सराव कमी पडतोय असं सर म्हणतात. मला वाटतं एकाच साच्याचा सराव जास्त झालाय. हे माझ्या शब्दावर घेऊ नका, घरी करून बघा, आज रात्री जेवणं झाल्यावर, मिस्टरांनाही बसवा. एब्राहम लचिन्स हा वर्थायमरबरोबर न्यूयॉर्कला काम करायचा (नाझी आल्यावर १९३३ साली वर्थायमर जर्मनी सोडून तिकडे गेला होता). लचिन्सने १९४२ साली छापलेली ही गणितं. भांडी मी चाळीची केली आहेत, आकडे त्याचेच. भांड्यांवर खुणा नाहीत, भरायचं आणि ओतायचं एवढंच. आकडे पेल्यांत.

कळशी २१, हंडा १२७, तांब्या ३. हवे १००.
कळशी १८, हंडा ४३, तांब्या १०. हवे ५.
कळशी ९, हंडा ४२, तांब्या ६. हवे २१.
कळशी २०, हंडा ५९, तांब्या ४. हवे ३१.
कळशी २३, हंडा ४९, तांब्या ३. हवे २०.
कळशी १५, हंडा ३९, तांब्या ३. हवे १८.
कळशी २८, हंडा ७६, तांब्या ३. हवे २५.

पहिल्याची रीत अशी: हंडा भरा, त्यातून एक कळशी काढा, दोन तांबे काढा, उरले १००. पुढची तीनही याच रीतीने सुटतात. सुटत जातात तसा हात बसतो, मजाही येते. पाचव्याला आणि सहाव्यालाही तीच रीत चालते, म्हणून लोक तीच लावतात, हंडा भरतात, उपसत बसतात. खरं तर त्या दोन्हींत हंड्याला हात लावायचं कारणच नाही. ज्यांना सुरुवातीची चार न देता थेट पाचवं दिलं त्यांना हे लगेच दिसतं. आणि शेवटच्याला जुनी रीत चालतच नाही, तिथे चार गणितं धडाधड सोडवलेली माणसं चक्क अडकतात. दुसरीच्या मुलाला येईल अशा वजाबाकीवर. लचिन्सने काही जणांना मधेच कागदावर लिहायला लावलं, 'आंधळे होऊ नका', तेवढ्यानेही काही जण सावध झाले. मिस्टर अडकले तर हसू नका. लेक अडकली तर अजिबात हसू नका. नुसतं विचारा, "हंडा कशाला भरलास?"

स्पेशल बॅच म्हणजे हंडा भरायची आणखी चारशे गणितं, असं माझं मत आहे.

यात लहानथोर असं काही नाही. २००८ साली तीन संशोधकांनी मुरलेल्या बुद्धिबळपटूंपुढे असा पट मांडला की त्यात मात करायचा एक ओळखीचा मार्ग होता आणि एक कमी चालींचा, अनोळखी. खेळाडूंना ओळखीचा लगेच सापडला. मग म्हणाले, याहून चांगला शोधतोय. त्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली तर नजर पुन्हा पुन्हा पहिल्याच मार्गाच्या घरांवर जात होती. खोटं बोलत नव्हते बिचारे. शोधतोय असंच त्यांना वाटत होतं. म्हणून "नीट विचार कर ना जरा" असं मुलीला सांगून उपयोग नाही. ती करतेच आहे, नजर जिथे खिळलीय तिथे.

"जरा वेगळा विचार कर" याचाही उपयोग नाही, हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली तेच औषध सगळीकडे विकतात. चौकोनात तीन-तीनच्या ओळींत मांडलेले नऊ ठिपके, ते सगळे चार सरळ रेघांनी जोडायचे, हात न उचलता, हे कोडं तुम्ही पाहिलं असेल. रेघा चौकोनाबाहेर न्याव्या लागतात. वाइजबर्ग आणि अल्बा यांनी १९८१ साली लोकांना हे सरळ सांगूनच टाकलं, की बाहेर जा. तरी बहुतेकांना सुटलं नाही. बाहेर जा म्हटलं तरी कुठे जायचं ते दिसायला हवं ना.

आता मोबाईल. कार्ल डुंकर हा याच घराण्यातला. १९३५ साली त्याने दिलेलं कोडं असं: मेणबत्त्या, टाचण्या, काड्या, सगळं छोट्या खोक्यांत भरून टेबलावर. मेणबत्त्या दारावर डोळ्यांच्या उंचीला बसवायच्या. उत्तर असं की खोकी रिकामी करायची, दाराला टाचायची, त्यांवर मेणबत्त्या ठेवायच्या. खोकी आधीच रिकामी ठेवली तर सगळ्यांना सुटलं, भरलेली दिली तर निम्म्यांनाही नाही. भरलेलं खोकं म्हणजे सामान ठेवायचं खोकं, त्याची फळी होऊ शकते हे दिसत नाही. हे मी दर वर्षी शिकवायचे, ऐटीत. २६ जुलै २००५ला पावसाने आम्ही कॉलेजातच अडकलो, दिवे गेले. मी मेणबत्ती हातात धरून बोटांवर मेण सांडत स्टाफरूमभर स्टँड शोधत होते. आमच्या शिपाईमामांनी लाकडी डस्टर पालथा घातला, दोन थेंब मेण पाडलं, मेणबत्ती उभी केली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

असो. याच कोड्यावर १९६२ साली सॅम ग्लक्सबर्गने बक्षीस लावलं, लवकर सोडवेल त्याला पैसे. भरलेल्या खोक्यांत बक्षीसवाल्यांना बिनबक्षिसवाल्यांपेक्षा सरासरी साडेतीन मिनिटं जास्त लागली. रिकाम्या खोक्यांत मात्र बक्षीसवाले पुढे. म्हणजे वाट दिसत असली की बक्षिसाने पाय भरभर उचलतात. वाट दिसतच नसेल तर बक्षिसाने नजर आणखी आखडते. तुमच्या मुलीला सरळ गणितं येतातच, अडचण न दिसणाऱ्या वाटेची आहे, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मोबाईल डोळ्यांपुढे येऊन बसतो. द्यायचाच असेल तर आत्ता द्या किंवा बोर्ड संपल्यावर द्या, पण टक्क्यांना टांगून ठेवू नका. मिस्टरांना शब्द मागे घेणं जड जाईल, त्यांना खोक्यांची गोष्ट सांगा.

एवढं वाचून "सराव बंद करून टाकू" म्हणाल, तर तेही नको. गेस्टाल्टवाल्यांचं सगळंच टिकलं असं नाही. मेंदूत विजेची क्षेत्रं तयार होतात आणि घडण त्यातून येते, ही कोलरची कल्पना पुढच्या प्रयोगांत उभी राहिली नाही. डोक्यात एकदम उजेड पडतो हेही अर्धंच. हर्बर्ट बर्चने १९४५ साली दाखवलं की काठ्या कधी हाताळल्याच नाहीत अशी लहान चिंपांझी काठीने फळ ओढायच्या कोड्यात बहुतेक सगळी अडकली. तीन दिवस काठ्यांशी मनसोक्त खेळू दिल्यावर सोडवू लागली. हात फिरलेला लागतो. तुमची लेक मॉपने रोज फरशी पुसत असणार, त्याचं डोकं फिरवून निघतं हे तिच्या हाताला माहीत होतं.

म्हणून क्लास आहे तो चालू ठेवा, फक्त घरचे तास बदला. बोर्डाला जेमतेम सहा आठवडे आहेत, तेव्हा फार काही नको. भूमितीची आकृती पेन्सिलीने कागदावर काढायची आणि काहीही न सोडवता कागद चारी बाजूंनी फिरवून बघायचा. मग रंगीत पेन्सिलीने एकेक त्रिकोण वेगळा गिरवायचा, आणि प्रत्येक रेघेपाशी तिने तुम्हाला मोठ्याने सांगायचं, ही कुणाकुणाची. तुम्हाला भूमिती येत नसली तरी चालेल, उलट बरंच, तिला नीट सांगावं लागेल. दुसरं, एका सरावसंचातली वीस गणितं ओळीने करायची नाहीत. वेगवेगळ्या प्रकरणांतली पाच उचलून चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, ती काढेल ते. कुठल्या धड्यातलं आहे हे आधीच कळलं की निम्मं गणित कुणीतरी सोडवून दिलेलं असतं, आणि बोर्डाच्या पेपरात ते कुणी सोडवून देत नाही. दहा मिनिटं अडली तर उठू द्या, गॅलरीत जाऊ दे, कपडे वाळत घालू दे. सुलतानही बसलाच होता की. परत आली की पेन उचलण्याआधी नवी आकृती, नव्या कागदावर, दुसऱ्या बाजूने.

आणि क्लासच्या सरांना एकदा भेटा, भांडायला नव्हे. म्हणावं, हिला आठवड्याला दोन आकृत्या उलट्या काढून द्या. चांगला मास्तर असेल तर देईल.

राहिला मॉप. काठी बांबूची आहे ना? ओली असताना खुपसली, तर ती पाण्याने फुगून पाईपात आवळून बसली असणार. ओढाओढ करू नका, पाईप वाकेल. दोन-तीन दिवस गॅलरीत उन्हात ठेवा, सुकली की बारीक होईल. मग एकीने पाईप धरायचा, दुसरीने काठी पिळत पिळत ओढायची. नाहीच निघाली तर मॉप नवा आणा आणि ही जोडकाठी वलणीपाशी उभी करून ठेवा. पत्र्यावर पुढचा शर्ट पडायला फार दिवस लागणार नाहीत.